दर पावसाळ्यात गिअर ऑइल दुधाळ होतंय? सील पुन्हा बदलण्याआधी ब्रीदर वर न्या

तक्रार ठरलेली असते. मे महिन्यात डिफरन्शियलचं (ॲक्सलवरचा, दोन्ही चाकांना जोर वाटून देणारा गिअरचा संच) तेल बदललं, ऑगस्टमध्ये प्लग खोलला तर आतून दूध जास्त झालेल्या चहाच्या रंगाचं काहीतरी बाहेर येतं. मेकॅनिक म्हणतो पिनियन सील, म्हणजे प्रॉपेलर शाफ्ट जिथे जोडला जातो तिथलं रबरी सील, गेलं. सील बदललं, नवं तेल भरलं, आणि पुढच्या पावसात पुन्हा तेच. कधी मागचं हाउसिंग (डिफरन्शियलचं कवच), कधी पुढचं, कधी ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या ॲक्सलला जोर वाटणारी पेटी). गाडी जिप्सी असो, थार, गुरखा, जिम्नी की बोलेरो, प्रकार सारखाच. सील खरोखर गेलेलं असतं तेव्हा ते बदलायलाच हवं, पण वर्षाआड सील बदलत असाल तर चोर सोडून संन्याशाला फाशी चाललीय असं समजा. चोर बहुधा ब्रीदर असतो, आणि उपाय म्हणजे त्याला नळी जोडून तिचं टोक पाण्याच्या वर नेणं.

पाणी आत कसं जातं

डिफरन्शियल, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस या तिन्हींत अर्धं तेल आणि अर्धी हवा असते. गाडी चालली की तेल तापतं, हवा फुगते, आणि तिला बाहेर पडायला हाउसिंगच्या वर एक छोटी टोपी दिलेली असते. तोच ब्रीदर. गार झाल्यावर तिथूनच हवा परत आत यायची असते.

आता हिशेब बघा. एक्स्प्रेसवेवरून ८०-९० च्या वेगात आलेल्या गाडीचं डिफरन्शियल ८० अंशांच्या आसपास तापलेलं आहे असं धरा. कळंबोलीला उतरताच चाकाच्या निम्म्यापर्यंत तुंबलेलं पाणी, तापमान २८ अंश. लोखंडी हाउसिंग पाण्यात बुडलं की आतली हवा झपाट्याने गार होते आणि आक्रसते. ८० वरून २८ अंशांवर येताना बंद जागेतला दाब सुमारे १५ टक्के पडतो, म्हणजे जवळपास ०.१५ बार. दीड मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ ओढायला एवढा दाब पुरतो. बाहेरचं अर्धा मीटर खोल पाणी स्वतःच्या वजनाने फक्त ०.०५ बार जोर लावतं. पाणी ढकलून आत जात नाही, गाडी ते ओढून घेते. खोलीपेक्षा तापमानातला फरक जास्त घातक ठरतो तो यामुळे.

ब्रीदर पाण्याखाली असेल तर पाणी सरळ ब्रीदरमधून आत. ब्रीदर चिखलाने बुजलेला असेल तर ओढ सीलवर येते. ऑइल सीलचा मुख्य ओठ आतल्या बाजूला तोंड करून बसवलेला असतो, कारण त्याचं काम तेल आत ठेवणं. आतून दाब आला की तो शाफ्टला घट्ट बसतो, आतून ओढ लागली की उचलला जातो. त्यामुळे चांगलं, नवं सीलही पाणी आत घेतं. उलट बाजूनेही त्रास आहेच: बुजलेल्या ब्रीदरमुळे तापलेल्या हाउसिंगमध्ये दाब साठतो आणि थोडं झिजलेलं सील तेल बाहेर टाकायला लागतं. मागच्या ड्रमच्या आत तेल आलं, ब्रेक लायनर भिजले, तर हब सीलसोबत ब्रीदरही तपासा.

कंपनीच्या बऱ्याच ब्रीदर टोप्यांत स्प्रिंगची एकतर्फी झडप असते. ती दाब बाहेर सोडते, हवा आत घेत नाही. कोरड्या रस्त्यावर याने काही बिघडत नाही. पाण्यात मात्र ही झडप म्हणजे दर वेळी सीलवर ओढ.

नदी ओलांडायलाच हवी असंही नाही. ठाण्यात वंदना टॉकीजसमोर किंवा नवी मुंबईत तुर्भ्यात साचलेलं पाणी पुरतं. आणि सगळ्यात दुर्लक्षित जागा म्हणजे वॉशिंग सेंटर: लांबून आलेली गाडी सरळ रॅम्पवर चढते आणि गरम डिफरन्शियलवर प्रेशरचं गार पाणी, तेही बरोबर टोपीच्या दिशेने. कधी पाण्यात न गेलेल्या गाड्यांचं तेल दुधाळ निघतं त्याचं कारण बहुधा हेच असतं. गाडी धुण्याआधी अर्धा तास उभी ठेवा. पाण्यात उतरण्याआधी सोय असेल तर तेव्हाही.

ठाणे-नवी मुंबईत आणखी एक भर आहे. खाडीला भरती आणि वर मुसळधार पाऊस एकत्र आले की नाल्यांचं पाणी खाडीत उतरत नाही, मागे फिरतं. नवी मुंबईत त्यासाठीच धारण तलाव बांधलेले आहेत, तरी सखल सेक्टरमध्ये साचणारं पाणी अनेकदा मचूळ असतं. खारट पाणी बेअरिंगच्या रोलरवर गोड्या पाण्यापेक्षा कितीतरी लवकर गंजाचे टिपके पाडतं. अशा पाण्यातून आलेल्या गाडीचं तेल ‘सर्व्हिसला बघू’ म्हणून ठेवू नका.

आधी खात्री, मग काम

रात्रभर गाडी सपाट जागेवर उभी ठेवा. सकाळी, गाडी न हलवता, ड्रेन प्लग अगदी हळू सैल करा आणि पहिले काही थेंब स्वच्छ बाटलीत घ्या. पाणी तेलापेक्षा जड, त्यामुळे सुटं पाणी खाली बसलेलं असतं आणि आधी तेच येतं. तेलात घोटलं गेलेलं पाणी मात्र रात्रभरात वेगळं होत नाही. तिथे रंगच सांगतो. शंका असेल तर स्वयंपाकातून बाद झालेला तवा अंगणात तापवून त्यावर दोन थेंब टाका. तडतडलं तर पाणी आहे. तोंड लांब ठेवा, चष्मा लावा. फक्त भरायच्या प्लगच्या आतल्या बाजूला पिवळसर लेप आणि खाली स्वच्छ तेल, असं असेल तर ते दमट हवेतलं बाष्प आहे. त्यासाठी घाबरून काही बदलायची गरज नाही.

मग ब्रीदर शोधा. डिफरन्शियलचा ब्रीदर हाउसिंगच्या किंवा ॲक्सल ट्यूबच्या वरच्या बाजूला असतो, सहसा मातीच्या थराखाली. ट्रान्सफर केस आणि गिअरबॉक्सचा केसच्या माथ्यावर. नव्या गाड्यांत कंपनीनेच नळी दिलेली असू शकते, म्हणून काहीही विकत घेण्याआधी ती कुठे संपते ते हाताने चाचपडत शेवटपर्यंत बघा. ती चासीच्या वरच्या कडेपाशीच संपत असेल तर पाण्यात ती फारशी उपयोगाची नाही. २०२० नंतरच्या थारला कंपनी ६५० मिमी पाण्याची मर्यादा सांगते. १८ इंची चाकाचा मध्य जमिनीपासून ४०० मिमीच्या आतच असतो. म्हणजे कंपनीच्या मर्यादेत राहूनही दोन्ही डिफरन्शियल पूर्ण पाण्याखाली जातात.

सामान

न्यूमॅटिक आणि हायड्रॉलिक फिटिंगची दुकानं ठाण्यात वागळे इस्टेटमध्ये आणि नवी मुंबईत रबाळे-महापे-तुर्भे एमआयडीसीच्या पट्ट्यात आहेत. तयार किट घेण्यापेक्षा तिथे सुटं सामान घेतलेलं बरं, कारण जुना ब्रीदर हातात नेऊन आटा जुळवता येतो. आखूड चासीच्या गाडीला साधारण एवढं लागतं:

– ८ मिमी आतल्या व्यासाची, तेल-पेट्रोलला टिकणारी नायट्राइल रबरची नळी, ८ ते १० मीटर
– त्या नळीला बसणारे पितळी बार्ब फिटिंग (एका टोकाला आटा, दुसऱ्या टोकावर नळी चढते), प्रत्येक ब्रीदरला एक
– प्रत्येक नळीच्या टोकाला एक छोटा फिल्टर
– १३-१५ मिमी मापाचे नट-बोल्टवाले छोटे क्लॅम्प, नळीच्या प्रत्येक जोडाला एक
– रबर लावलेले पी-क्लिप १०-१२, काळे केबल टाय पंचवीसेक
– हायड्रॉलिक-न्यूमॅटिक फिटिंगसाठीचं थ्रेड सीलंट

नळीबाबत काटकसर करू नका. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी पारदर्शक लेव्हल-पाइप स्वस्त असते, पण गरम तेलाच्या वाफेने मऊ पडते, वळणावर चपटी होते आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत कडक होऊन तडकते. न्यूमॅटिक कामाची निळी पॉलियुरेथेन नळी साधारण ६० अंशांनंतर ढिली पडते. डिफरन्शियलजवळ आणि सायलेन्सरच्या बाजूने ती नको. नायलॉनची चालते, फक्त ती कमी वाकते. स्क्रू फिरवून आवळायच्या साध्या पट्टी-क्लॅम्पची कड मऊ नळीत रुतते, म्हणून नट-बोल्टवाले घ्या.

फिल्टरसाठी न्यूमॅटिक व्हॉल्व्हला लावतात तो छोटा सच्छिद्र पितळी सायलेन्सर (गाडीचा नव्हे) चांगला. बाइकचा जाळीवाला पेट्रोल फिल्टरही चालतो. कागदी पेट्रोल फिल्टर ओला झाला की हवाच बंद करतो, तो घेऊ नका.

आट्याची गोष्ट नीट समजून घ्या, कारण इथे हाउसिंग खराब होतं. तीन आटे दिसायला भावंडं आहेत. १/८ बीएसपी: बाहेरचा व्यास ९.७ मिमी, इंचाला २८ आटे. एम १० बाय १: व्यास १० मिमी, पिच १ मिमी. १/८ एनपीटी: इंचाला २७ आटे, जरा जाड. एकाचं फिटिंग दुसऱ्याच्या भोकात दोन-अडीच वेढे हाताने जातं, मग अडतं, आणि पाना लावला की ओतीव लोखंडातला आटा कापला जातो. थ्रेड गेज लावून बघा, नाहीतर जुना ब्रीदर दुकानदाराच्या नटमध्ये फिरवून बघा. बोटांनी शेवटपर्यंत सहज गेला तरच तो आटा बरोबर.

बसवणं

ब्रीदर काढण्याआधी आजूबाजूची माती तारेच्या ब्रशने खरवडा आणि हवेने उडवा. काढल्यावर साफ करायला गेलात तर वाळू थेट आतल्या क्राउन-पिनियन गिअरवर पडते. टोपी नुसती निपलवर बसवलेली असेल तर पकडीने हलके पिळत काढा आणि त्याच निपलवर नळी चढवून क्लॅम्प लावा, भोक पाडायची गरज नाही. आट्याचा ब्रीदर असेल तर पूर्ण काढून बार्ब फिटिंग बसवा. टेफ्लॉन टेप इथे नको, तिचे तुकडे आत पडतात. पहिला वेढा सोडून सीलंटचा एक थेंब लावा. हाताने घट्ट आणि पुढे पान्याने अर्धा वेढा, पितळेला तेवढं पुरतं. ठोकून बसवलेला ब्रीदर असेल आणि नवा आटा पाडावाच लागणार असेल, तर टॅपच्या खाचा ग्रीसने भरा म्हणजे कीस त्यात अडकेल, आणि हे काम तेल बदलायच्या आधी करा, म्हणजे उरलासुरला कीस जुन्या तेलाबरोबर निघून जाईल.

जुनी टोपी जपून ठेवा. वॉरंटीतल्या गाडीला तिची गरज पडू शकते. आणि हो, तीच झडपवाली टोपी नव्या नळीच्या टोकाला लावू नका. तसं केलं तर नळी उंच जाते, पण हवा तरीही आत येत नाही, ओढ पुन्हा सीलवर.

लांबी मोजण्यात बहुतेक जण चुकतात. सरळ ॲक्सलची गाडी जमिनीवर उभी असताना नळी मोजली तर ती पहिल्याच खड्ड्यात ताणून निघते. चासीला जॅक लावून गाडी उचला, चासीखाली स्टँड द्या, चाकं पूर्ण लोंबू द्या. त्या स्थितीत ॲक्सल ते चासी अंतर मोजून वर १०० ते १५० मिमी सैल ठेवा. जिप्सी, जिम्नी आणि २०२१ आधीच्या गुरखाला पुढे-मागे दोन्हीकडे हे करावं लागतं. थार आणि नव्या गुरखाच्या पुढच्या चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन आहे आणि डिफरन्शियल चासीलाच बसलेलं असतं, तिथे इंजिनच्या हलण्यापुरती ३०-४० मिमी ढील पुरे. स्टँडशिवाय, नुसत्या जॅकवर गाडीखाली शिरू नका.

वाट ब्रेकच्या रबरी नळीच्या बाजूने घ्या, कारण कंपनीने ती पूर्ण झोळ आणि पूर्ण दाब धरूनच काढलेली असते. पण ब्रेकच्या नळीला किंवा एबीएसच्या वायरला केबल टायने बांधू नका, शेजारून जाऊ द्या. सायलेन्सरपासून किमान ७५-१०० मिमी लांब, प्रॉपेलर शाफ्टच्या फिरण्याबाहेर. केबल टाय ओढताना नळी दबता कामा नये. टायखाली नळी हाताने फिरवता आली पाहिजे. सगळ्यात महत्त्वाचं, डिफरन्शियलपासून टोकापर्यंत नळी चढती हवी. मध्ये कुठे पोट आलं की तिथे तेल आणि बाष्प साचतं आणि गाडी गार होताना तेच परत आत ओढलं जातं.

टोक कुठे सोडायचं? पुढचं डिफरन्शियल, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस यांच्या नळ्या बॉनेटखाली, फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) वरच्या कडेला, हवेच्या इनटेकच्या उंचीपर्यंत. स्नॉर्कल (इंजिनला हवा उंचावरून देणारा पाइप) असेल तर जमेल तितकं वर. मागच्यासाठी तीन-चार मीटर नळी पुढे आणण्यापेक्षा टेल लॅम्पच्या मागच्या पोकळीत किंवा पेट्रोल-डिझेल भरायच्या झाकणाच्या खणात वर नेऊन सोडणं सोपं; दीडेक मीटरमध्ये काम होतं. टोक वळवून खाली तोंड करा. एअर फिल्टरच्या पुढच्या नळीत जोडू नका, नाहीतर इंजिन गिअर ऑइलची वाफ ओढत राहतं. केबिनमध्ये तर मुळीच नको, गिअर ऑइलचा वास सीटमधून निघत नाही.

चारही नळ्या एका मॅनिफोल्डला (अनेक तोंडांच्या एकाच जोडाला) जोडून एकच फिल्टर लावायची पद्धत आहे. दिसायला छान. दोन डिफरन्शियल एकत्र जोडायला हरकत नाही, दोन्हींत एकच तेल असतं. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस मात्र वेगळे ठेवा. चढावर एखाद्या केसमधलं तेल नळीत चढून मॅनिफोल्डमधून दुसरीकडे उतरू शकतं. डिफरन्शियलचं जीएल-५ तेल गिअरबॉक्समध्ये गेलं तर त्यातली गंधक-फॉस्फरसची द्रव्यं सिंक्रोनायझरच्या पितळेला खाऊ शकतात, आणि ट्रान्सफर केसमध्ये एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) असेल तर मिसळण्याचा प्रश्नच येऊ नये. चार नळ्या, चार फिल्टर. वेळ अर्धा तास जास्त जातो एवढंच.

हे झालं की आधीचं पाणी काढा. जुनं तेल सोडा, त्याच ग्रेडचं स्वस्त तेल भरून १०-१५ किलोमीटर चालवा, गरम असतानाच सोडा, मग चांगलं तेल भरा. रंग अजून फिका असेल तर आणखी एकदा. डिझेल किंवा रॉकेलने धुऊ नका. काही गॅरेजमध्ये हे सर्रास करतात. बेअरिंगच्या खोबणीत ते राहतं आणि नवं तेल पातळ करतं. तेलाची पातळी सपाट जागेवर भरायच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत, त्याहून थेंबभरही वर नाही. प्लगचे वायसर नवे लावा.

फुग्याची चाचणी

नळी बरोबर बसली का, हे कळायला गॅरेज लागत नाही. फिल्टर काढून नळीच्या टोकाला वैद्यकीय हातमोज्याचं एक बोट कापून दोऱ्याने बांधा. दहा किलोमीटर चालवा. बोट टम्म फुगलं तर वाट मोकळी आहे आणि सीलही दाब धरतात. गाडी गार झाली की ते चिपाडं होतं, हेही बरोबर. अजिबात फुगलं नाही तर एकतर नळी कुठेतरी दबलीय, नाहीतर हवा सीलमधून निघून जातेय. बघून झालं की लगेच काढा, विसरलात तर बुजलेला ब्रीदर तुम्हीच तयार केलात.

कुठून निघतेय ते शोधायला नळीतून फार तर ०.१ ते ०.१५ बार हवा द्या आणि पिनियन सील, हब, प्लग, कव्हरच्या कडेला साबणाचं पाणी लावून फेस बघा. सायकलच्या पंपाने एक-दोन हलके दट्टे पुरतात. टायरच्या कॉम्प्रेसरची हवा सरळ लावली तर धडधाकट सीलही जागेवरून निघतं.

नळी वर नेल्यावरही तेल दुधाळ आलं तर

फक्त ट्रान्सफर केसमध्ये पाणी येत असेल आणि लिव्हर थेट केसमधून वर येत असेल, तर लिव्हरच्या बुडाचा रबर बूट बघा. तो फाटलेला असेल तर नळी कितीही वर न्या, उपयोग नाही. सरळ पुढच्या ॲक्सलच्या गाडीत स्टिअरिंग नकलच्या (पुढचं चाक वळतं त्या सांध्याच्या) गोलावरचं सील आणि त्याच्या आतलं ॲक्सल सील तपासा. नकलचं ग्रीस पातळ राखाडी झालं असेल तर पाणी तिथून आलंय. मागे हब बेअरिंगचं सील. यांपैकी काही झिजलेलं निघालं तर आता ते बदलायला अर्थ आहे.

नळीत किंवा फिल्टरमध्ये गिअर ऑइल चढत असेल तर आधी पातळी बघा. पातळी ठीक असूनही तेल येत असेल तर जुन्या ब्रीदरच्या आत तेल अडवणारा पत्रा होता आणि नव्या फिटिंगमध्ये तो नाही. अशा वेळी फिटिंगपासूनचा पहिला फूटभर भाग जाड, १०-१२ मिमी नळीचा आणि उभा ठेवा, म्हणजे उडालेलं तेल परत खाली उतरेल. पुढे रिड्यूसर लावून ८ मिमी.

पावसाळ्याआधी, मे महिन्यात, फिल्टर काढून नळीतून तोंडाने फुंका. हवा सहज गेली पाहिजे. अडली तर बहुधा कुंभारीण माशीने टोकात मातीचं घर केलेलं असतं, उघड्या टोकाच्या नळीत तर हमखास. सोसायटीच्या तळमजल्यावरच्या पार्किंगमध्ये उंदीर असतील तर बॉनेटखालची नळी कुरतडलीय का तेही बघा, विशेषतः फायरवॉलजवळच्या वळणावर, जिथे त्यांना बसायला जागा मिळते. तिथे नळीवर वायरिंगची नालीदार बाही चढवा. पितळी सायलेन्सर रॉकेलमध्ये बुडवून हवेने उलट्या दिशेने उडवा, वाळू द्या, परत लावा.